भाचीचं नाव 'मुक्ता' ठेवायचंय: अर्थ, उगम आणि आईचा आक्षेप

आत्याबाई

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला मुलगी झाली. रविवारी बारसं आहे आणि कानात नाव सांगायचा मान माझा, त्यामुळे नावाबद्दलची सगळी चर्चा सध्या माझ्याच फोनवर चालू आहे.

बाळाचं नक्षत्र मघा, तिसरा चरण, म्हणून गुरुजींनी 'मू' अक्षर काढून दिलं. मुग्धा, मुदिता, मुद्रा, मुक्ता अशी यादी झाली. भाऊ आणि वहिनी दोघांनी एकमताने 'मुक्ता'वर बोट ठेवलं. मलाही नाव ऐकताक्षणी आवडलं. पण आईचा चेहरा उतरला. तिचं म्हणणं असं की संत मुक्ताबाई जेमतेम अठरा वर्षं जगल्या, लग्न नाही, संसार नाही, लहानपणी आईवडील गेले, गावाने वाळीत टाकलं. "एवढं दुःख पाहिलेल्या मुलीचं नाव माझ्या नातीला कशाला?" असं ती म्हणाली आणि देवघरात जाऊन बसली. ती रोज हरिपाठ म्हणते, मुक्ताईवर तिची अपार श्रद्धा आहे. आक्षेप श्रद्धेच्या अभावातून आलेला नाही, काळजीतून आलाय, म्हणून तो उडवून लावावासा वाटत नाही.

वहिनीची बहीण म्हणते की मुक्ता म्हणजे मोती, संतांशी त्याचा संबंधच नाही. काकांचं मत वेगळंच. त्यांना मुक्ता म्हणजे 'सुटलेली' वाटतं आणि शिवाय 'बाई' लावल्याशिवाय ते नाव अर्धवट वाटतं.

तर मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खरा अर्थ कोणता? हे नाव आज कोणी ठेवतं का, की मुलगी वर्गात एकटीच 'आजीच्या नावाची' ठरेल? आणि या नावाच्या कुणी इथे असतील तर त्यांचा अनुभव काय? आईशी बोलायला मला काहीतरी भक्कम हवंय.

शब्दशोध

ताई, अर्थापुरतं सांगतो. तुमच्या वहिनींची बहीण आणि काका दोघंही बरोबर आहेत.

संस्कृतमध्ये 'मुच्' म्हणजे सोडणं, मोकळं करणं. त्यावरून 'मुक्त' आणि स्त्रीलिंगी 'मुक्ता', म्हणजे जी मोकळी झाली ती. याच रूपाचा दुसरा अर्थ मोती. अमरकोशातही मोत्यासाठी हा शब्द दिलेला आहे. शिंपल्यातून सुटून आलेला तो मुक्ता, अशी त्याची पारंपरिक फोड केली जाते. 'मुक्ता'वरून 'मौक्तिक' झालं आणि मौक्तिकाचं प्राकृतातून झिजत झिजत आपलं 'मोती' झालं. मुक्ताहार, मुक्तावली हे शब्द त्याच घरातले.

दक्षिणेकडच्या भाषा पाहिल्या तर गंमत वाढते. तमिळ आणि कन्नडमध्ये मोत्याला 'मुत्तु' म्हणतात. मद्रास विधान परिषदेत १९२७ साली गेलेल्या डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावातला 'मुत्तु' तोच. संस्कृत 'मुक्ता' आणि द्रविड 'मुत्तु' यांत कोणी कोणाकडून घेतलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बंगालीतही मुक्ता म्हणजे मोतीच, आणि बंगाल-बांगलादेशात हे मुलींचं नेहमीचं नाव आहे. तिथे ते ऐकून कोणाला विरक्ती आठवत नाही.

आणखी एक आठवलं. स्वाती नक्षत्रात पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, हा जुना कविसंकेत. नवरत्नांत मोती चंद्राचा मानतात. आईंना शुभ-अशुभाची काळजी असेल तर या बाजूने नाव अतिशय सौम्य आणि मंगल आहे.

मात्र महाराष्ट्रात कोणी 'मुक्ता' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी मोती येत नाही, मुक्ताई येते. संतांशी संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे तो आहे आणि तोच मोठा आहे.

तापीकाठची मुक्ता

आत्याबाई, तुमचा प्रश्न वाचून कामं बाजूला ठेवली. माझं नाव मुक्ता. माहेर मुक्ताईनगर तालुक्यातलं, म्हणजे जुनं एदलाबाद, जळगाव जिल्हा. शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्याकडे प्रत्येक गावात दोन-चार मुक्ताबाया तरी असायच्याच. शेतात एकीला हाक मारली की तिघी वळून बघायच्या. त्यामुळे हे नाव दुःखाचं आहे असं मला लहानपणी कधी कोणी सांगितलंच नाही. आमच्यासाठी ते देवीचं नाव. वारकरी तिला आदिशक्ती म्हणतात. निवृत्ती शंकराचा अवतार, ज्ञानदेव विष्णूचा, सोपान ब्रह्मदेवाचा आणि मुक्ता ती आदिमाया, अशी श्रद्धा आहे. आमच्याकडे दोन माणसं वाटेत भेटली तरी 'जय मुक्ताई' म्हणतात.

आता तुमच्या आईंच्या मुद्द्याकडे येते. त्यांना नमस्कार सांगा आणि एवढंच विचारा, की ज्ञानेश्वर महाराज किती वर्षं जगले? जन्म १२७५, समाधी १२९६. एकवीस वर्षं. त्यांनीही लग्न केलं नाही, त्यांचेही आईवडील तेच, वाळीत तेही पडले होते. तरी गेली कित्येक शतकं महाराष्ट्र आपल्या मुलांची नावं ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा, माउली ठेवतोय आणि कुठल्याही आजीला त्याची भीती वाटत नाही. उलट पोर भाग्याचं म्हणतात. सोपान नावाचे तर माझ्याच वर्गात दरवर्षी एक-दोन असायचे. मुलाच्या नावात आपण ज्ञान पाहतो आणि मुलीच्या नावात आयुष्याची लांबी मोजत बसतो, हे मला पटत नाही. ताई, हे मी रागाने लिहीत नाही, पण मनापासून लिहितेय.

या चार भावंडांची नावं एका ओळीत म्हणून बघा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आमच्याकडचे कीर्तनकार याचा क्रम उलगडून सांगतात. आधी ओढाताणीतून मागे फिरणं, मग ज्ञान, मग पायरी, आणि शेवटी मोकळं होणं. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी शेवटच्या लेकीला जे नाव दिलं ते त्या सगळ्या वाटेचं पोहोचण्याचं ठिकाण आहे. तुमच्या काकांना 'सुटलेली' हा अर्थ खटकला, पण घर सोडून सुटलेली असा तो नाहीच. भीतीतून, रागातून, अहंकारातून सुटलेली, असा आहे.

आणि ती केवळ सोसणारी मुलगी नव्हती हो. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा बाहेर उभं राहून समजावणारी ही सगळ्यात धाकटी. 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' हे ध्रुवपद ज्या अभंगांना आहे ते ताटीचे अभंग तिचेच. ताटी म्हणजे काटक्या-बांबूचं दार. जग संतापून आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं ती थोरल्या भावाला सांगते. आठवीच्या वर्गाला मी हे शिकवायचे तेव्हा मुली एकदम ताठ बसायच्या. घरातली धाकटी बहीण भावाला समजावतेय आणि भाऊ ऐकतोय, हे त्यांना फार जवळचं वाटायचं.

चांगदेवांची गोष्ट आईंना पाठच असेल. एवढे योगी, चौदाशे वर्षांचं आयुष्य, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ता म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! पुढे उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी चांगदेव पासष्टी लिहिली आणि चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताईला. आयुष्य लांब असणं आणि भरलेलं असणं यातला फरक त्या मुलीने तेव्हाच सांगून ठेवला. आईंच्या काळजीला यापेक्षा नेमकं उत्तर मला तरी सापडत नाही.

आमच्या भागात तापी आणि पूर्णेचा संगम आहे, तिथल्या गावाचं नाव चांगदेव. देऊळ सुंदर आहे, दगडी. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मुक्ताई मेहूणजवळ तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली असं मानतात, साल १२९७. कोथळीला तिचं जुनं मंदिर आहे. तिथून आषाढीसाठी पालखी निघते ती पंढरपूरला पोहोचायला महिनाभराहून अधिक चालते, कारण अंतरच तेवढं आहे. बायका डोक्यावर तुळस घेऊन बुलढाणा, जालना, बीड असं करत जातात. माझी आजी त्या पालखीबरोबर जायची. तिला तापीचं पाणी दिसलं तरी हात जोडावेसे वाटायचे, आणि मला हाक मारताना ती कधी नुसतं 'मुक्ता' म्हणाली नाही, 'मुक्ताई' म्हणायची. नातवंडांत मी सगळ्यांत लहान, तरी आई म्हणून हाक. एवढा मान आणखी कुठल्या नावाला मिळतो?

जुने दप्तर

थोडं इतिहासातलं जोडतो. अहिल्याबाई होळकरांच्या लेकीचं नावही मुक्ताबाई. यशवंतराव फणशांशी तिचं लग्न झालं होतं. आधी मुलगा गेला, मग नवरा, आणि १७९१ साली ती सती गेली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनवलं, तरी ती थांबली नाही. हे आईंना सांगू नका, पण मुद्दाम लिहितोय, कारण त्या काळी राजघराण्यातही हे नाव सहज ठेवलं जात होतं. तिच्या वाट्याला आलं ते त्या काळाच्या रीतीमुळे आलं, नावामुळे नाही.

नारायणगावची ग्रामदेवताही मुक्ताबाईच. म्हणजे संतांखेरीज देवी म्हणूनही हे नाव पश्चिम महाराष्ट्रात रुजलेलं आहे.

वाचनवेडी

सगळे संत मुक्ताईबद्दल लिहिताहेत, म्हणून मी माझ्या लाडक्या मुक्ताबद्दल लिहिते. मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुलगी. चौदा वर्षांची असेल तेव्हा तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दलित स्त्रीने लिहिलेलं मराठीतलं इतकं जुनं छापील लेखन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आत्याबाई, तुमच्या घरात नुकतंच बाळ आलंय म्हणून त्यातली एक जागा आवर्जून सांगते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील याचा विचार करा, असं ती विचारते. चौदा वर्षांची पोर, शाळेत जेमतेम काही वर्षं काढलेली, आणि थेट समाजाला प्रश्न. शेवटी आपल्या लोकांना सांगते की ज्ञान हेच औषध आहे, ते घ्या.

माझ्या मुलीचं नाव मी तिच्यावरून मुक्ता ठेवलं. माझ्या सासरी ते लगेच आवडलं, कारण त्यांना मुक्ताबाई आठवल्या. माझ्या मनात साळवे होती. दोघी मला माझ्या मुलीच्या नावात एकत्र हव्या होत्या, आणि आहेत.

चलतीबद्दल म्हणाल तर मुलीच्या वर्गात ती एकच मुक्ता आहे, पण नाव ऐकून कोणी गोंधळत नाही. अभिनेत्री मुक्ता बर्वे सगळ्यांना ठाऊक आहेत. पुण्याच्या महापौर राहिलेल्या मुक्ता टिळक होत्या. 'बाई' शिवाय हे नाव आता पुरेसं रुळलंय. शर्वरी, अन्वी, आर्या यांच्या रांगेत ते जुनं वाटत नाही, दोन अक्षरी आहे, हाक मारायला सुटसुटीत आहे.

एक तयारी ठेवा. 'मुक्ताफळे उधळणे' हा वाक्प्रचार साधारण सातवीत भेटतो आणि त्या वर्षी वर्गात चिडवाचिडवी होते. मी मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं की मुक्ताफळ म्हणजे मोती, वाक्प्रचारात ते उपरोधाने येतं. तिने वर्गात तेच समजावून सांगितलं आणि विषय संपला.

आत्याबाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री आईला सगळी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. ज्ञानेश्वरांच्या वयाचा मुद्दा आला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माउलीच्या बाबतीत हे कधी मनात आलं नाही खरं." चांगदेवांच्या कोऱ्या कागदाची गोष्ट मात्र तिनेच पुढे पूर्ण केली, मला वाचूच दिली नाही. अजून 'हो' म्हणालेली नाही. पण सकाळी पाळण्याला लावायच्या फुलांबद्दल विचारत होती.

तापीकाठच्या मुक्ताताई, तुम्हाला एक विचारते. कागदपत्रांत नावाचा काही त्रास होतो का? वहिनी पुढेमागे परदेशी जायचं म्हणते, इंग्रजीत कसं लिहावं यावर भाऊ आणि तिच्यात मतभेद आहेत. आणि कागदावर 'मुक्ताई' घालून घरी 'मुक्ता' म्हणावं असं आईच्या मनात आलं तर?

तापीकाठची मुक्ता

आत्याबाई, आईंना घाई करू नका. मोठ्या माणसांना नाव तोंडात बसायला वेळ लागतो.

कागदांचं मात्र नीट ऐका. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'मुक्ताबाई' आहे, कारण तेव्हा गुरुजी मुलींच्या नावापुढे आपसूक 'बाई' लावून टाकायचे. नोकरीच्या कागदांवर 'मुक्ता'. निवृत्तीच्या वेळी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करताना फार हेलपाटे झाले. प्रतिज्ञापत्र झालं, शेवटी राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घेतलं. म्हणून जन्मनोंदीत जे घालाल तेच आयुष्यभर सगळीकडे चालवा. घरी मुक्ताई, मुक्ती, मुकू, काहीही म्हणा, कागदावर एकच. 'मुक्ताई' घातलंत तर शाळेत, बँकेत, पासपोर्टवर सगळीकडे 'मुक्ताई'च लिहा. मला विचाराल तर कागदावर 'मुक्ता' ठेवा आणि 'ई' घरच्यांसाठी राखून ठेवा. ती मायेने लावायची असते, कारकुनाकडून नाही.

रविवारपर्यंत आईंचं मन तयार झालं नाही तरी अडत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव जन्मनोंदीच्या तारखेपासून वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा नोंद थांबवू नका.

इंग्रजीत 'एम यू के टी ए' एवढंच पुरे. दक्षिणेत 'त'साठी 'टी'पुढे 'एच' लावतात, त्यामुळे तिकडच्या ओळखीच्यांनी ते सुचवलं असेल. आपल्याकडे ते वाचणारा 'मुक्था' म्हणेल. परदेशी माणसं 'त'चा 'ट' करतात आणि 'मुक्टा' म्हणतात, हे खरं आहे. माझी भाची तिकडे असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा शेजारीण असंच म्हणायची. एकदा नीट म्हणून दाखवलं की जमतं त्यांना.

बारशाला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं आणि तुम्ही कानाशी वाकलात की नाव पहिल्यांदा आईंनाच म्हणायला सांगा, हळू आवाजात, तुमच्या आधी. मान तुमचाच राहील. आणि पाळणा म्हणायला कोणी हवं असेल तर आमच्याकडच्या बायका मुक्ताईचा पाळणा म्हणतात, त्यातली एखादी चाल मी फोनवर म्हणून पाठवते. तुमच्या आईंना हरिपाठ पाठ आहे म्हणजे त्यांना ती लगेच जमेल.